पैसे भरले, पावती आली, तरी वेबसाइट उघडंना

प्रश्न : सर, नमस्कार. मी वसमतहून लिहितेय. आमचा घरचा हळद पावडरचा धंदा आहे, शेतातली हळद आपणच शिजवून, वाळवून, पॉलिश करून, दळून विकतो. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाकडून डॉट कॉमवाली वेबसाइट करून घेतली. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तिथूनच ऑर्डर टाकतं, पाकिटावर पण तिचाच क्यूआर कोड छापलेला आहे. गेल्या महिन्यात डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपली ते आम्हाला कळलंच नाही, कारण आठवणीचे मेल वेबसाइटच्याच नावाच्या ईमेलवर यायचे आणि तो आयडी घरात कुणी उघडतच नव्हतं. वीस दिवसांनी एका गिऱ्हाईकानं फोन करून सांगितलं. त्याच दिवशी त्या मुलाकडून पासवर्ड घेतला, ऑनलाइन पैसे भरले, पावती आली, पुढच्या वर्षीची तारीख पण दिसायलीय. पण आज चार दिवस झाले, साइट काही उघडंना. माझ्या फोनवर कसलंतरी जाहिरातीचं पान येतं, भावाच्या फोनवर "या साइटवर पोहोचता येत नाही" असं येतं. डोमेनवाले म्हणतेत ४८ तास थांबा, होस्टिंगवाले म्हणतेत आमच्याकडून सगळं चालू आहे. लोक विचारायलेत धंदा बंद केला का म्हणून. एक जण पाच हजारात करून देतो म्हणतोय, त्याला पासवर्ड आणि ओटीपी पाहिजे. काय करू?

उत्तर : ताई, त्या पाच हजारवाल्याला आधी नाही म्हणून टाका. ओटीपी मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याला डोमेनच्या खात्यात शिरू द्यायचं नाही, कारण एकदा का तो आत शिरला की तुमचं नाव त्याच्या खात्यात हलवायला त्याला काही वेळ लागत नाही आणि ते परत आणता आणता तुमचा सगळा सीझन निघून जाईल. तुमचं काम बहुतेक एका पैशाचा जादा खर्च न करता होणारं आहे, फक्त नेमकं कुठं अडकलंय ते आधी बघावं लागेल.

आणि मुदत विसरली म्हणून मनाला लावून घेऊ नका. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायला विसरली होती, त्याच्यावर हॉटमेलचं लॉगिन चालायचं, तर जगभरातल्या लोकांना मेल उघडता येईना. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरनं ऐन नाताळात आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरू झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं होतं, तुमचं-आमचं काय घेऊन बसलात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. तुमच्या वेबसाइटवरचे फोटो, भाव, जुन्या ऑर्डरी, हे सगळं होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर पडून आहे. डोमेनची मुदत संपल्यानं त्यातलं काही पुसलं जात नाही. होस्टिंगची मुदत वेगळी असते, तिचे पैसे वेगळे असतेत, ते भरलेले आहेत का एवढं मात्र त्या खात्यात जाऊन एकदा बघून घ्या, कारण कित्येक वेळा लोक एकाचे पैसे भरतेत आणि दोन्ही भरले असं समजून बसतेत. पावती काढून नीट वाचा, त्यावर डोमेनचं नाव लिहिलेलं आहे का, स्पेलिंग तेच आहे का, का चुकून नुसती ईमेलची नाहीतर सिक्युरिटीची कुठली तरी जादा सेवा विकत घेतली गेली. पैसे भरताना त्या पानावर इतक्या गोष्टी आधीच टिक केलेल्या असतेत की घाईत असं होतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही भरले ते पैसे नावाचे. नाव तुमचंच राहिलं, दुसऱ्याला गेलं नाही, एवढं त्या पैशात झालं. पण ते नाव टाकल्यावर माणूस तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो तो चार-पाच टप्पे पार करून, आणि मुदत संपल्यावर कंपनी त्यातले एक-दोन टप्पे तोडून ठेवते. लाईटचं थकलेलं बिल भरलं तरी पोलवरची वायर कुणीतरी येऊन जोडावीच लागते ना, तसंच हे आहे. बऱ्याचदा ती जोडणी आपोआप होते. तुमची झाली नाही.

कंपनी तोडते ती काही खोडसाळपणानं नाही. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते, तिच्या नियमात लिहिलेलं आहे की मुदत संपायच्या आधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशी दोनदा आठवण द्यायची, संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एकदा द्यायची, आणि संपल्यानंतर काही दिवस साइट मुद्दाम बंद पाडायची, म्हणजे मालकाच्या लक्षात यावं. पैसे भरल्यावर ती लवकरात लवकर पूर्ववत करायची, हे पण त्याच नियमात आहे. त्यामुळं तुम्ही मागताय ते तुमच्या हक्काचं आहे, फोनवर बोलताना हे डोक्यात असू द्या.

४८ तासांचं काय ते सांगतो. हे उत्तर खोटं नाही, पण त्याची मुदत संपली आहे. डॉट कॉमच्या नावाचा पत्ता इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोब्बर दोन दिवस, जपून ठेवू शकतेत. त्यामुळं कालच पत्ता दुरुस्त झाला असेल तर उद्यापर्यंत कुणाला जुनं दिसेल, कुणाला नवं दिसेल, ते समजू शकतो. तुमचे चार दिवस झालेत. चार दिवसांनंतर सुद्धा कुणी ४८ तास थांबा म्हणत असेल तर त्यानं तुमचं खातं उघडून बघितलेलंच नाही असं धरून चाला.

आता काम. लॅपटॉप नसला तरी चालेल, फोनवर पण होतं. गूगलवर आयकॅन लुकअप असं शोधा, आयकॅनचंच पान येईल, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. त्यात तुमच्या वेबसाइटचं नाव टाका, पुढचे डब्लू डब्लू डब्लू न लावता. जे पान उघडेल त्याचा आधी स्क्रीनशॉट काढा, मग दोनच गोष्टी बघा, स्टेटस आणि नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या साइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर. बाकी मजकूर खूप आहे, त्यात शिरू नका.

स्टेटसमध्ये क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड असं दिसलं तर घाबरायचं काही नाही, ते कुलूप आहे, नाव कुणी पळवू नये म्हणून असतं, असलेलंच बरं. ऑटो रिन्यू पीरियड दिसलं तरी काही नाही, पैसे भरल्यावर सुद्धा ते ४५ दिवस तसंच दिसत राहू शकतं. पण क्लायंट होल्ड हे दोन शब्द दिसले तर तुमचा आजार सापडला. होल्ड म्हणजे तुमचं नाव यादीत आहे पण पत्त्याच्या वहीतून बाहेर काढून ठेवलेलं आहे, मग तुम्ही होस्टिंगमध्ये कितीही खटपट करा, साइट उघडणार नाही म्हणजे नाहीच. हा होल्ड फक्त तुमची डोमेन कंपनीच काढू शकते. सर्व्हर होल्ड असेल तर तो वरून, रजिस्ट्रीकडून, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून लागलेला असतो, तेव्हा कंपनीला तिकडं विचारायला लावावं लागतं, पण ते क्वचित.

तारखेबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथं लई लोक फसतेत. लुकअपमध्ये पुढच्या वर्षीची तारीख दिसली म्हणजे आपले पैसे पोहोचले असं नसतं. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन चालवते आणि ती मुदत संपली की कुणी पैसे भरो न भरो, तारीख आपोआप एक वर्ष पुढं ढकलते, नंतर कंपनीनं नाव सोडून दिलं तर मागं घेते. म्हणून पैशाची खात्री करायची ती डोमेन कंपनीच्या खात्यात जाऊन, तिथं ऑर्डर पूर्ण झाली का पेंडिंग आहे ते बघायचं. यूपीआयनं पैसे कापले गेले आणि ऑर्डर पेंडिंगच राहिली असं होतं, मग पैसे एक तर परत येतेत नाहीतर कंपनीच्या लोकांना ऑर्डर नंबर देऊन जमा करून घ्यावे लागतेत.

तुमच्या पत्रावरून माझा संशय होल्डवरच जास्त आहे, आणि तो का ते सांगतो. भावाच्या फोनवर पोहोचताच येत नाही म्हणजे त्या फोनला पत्ताच सापडंना. तुमच्या फोनवरचं जाहिरातीचं पान हे मुदत संपल्यावर कंपनी लावते ते पान, ते एक तर अजून लागलेलं आहे नाहीतर तुमच्या फोननं जुनं जपून ठेवलेलं दाखवायलाय. आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात मोठी वाटते : आठवणीचे मेल वेबसाइटच्याच नावाच्या ईमेलवर यायचे. म्हणजे बघा, डोमेन बंद पडलं त्या दिवशी तो ईमेल पण बंद पडला. त्यानंतर कंपनीनं तुम्हाला जे जे पाठवलं असेल ते सगळं परत गेलं असणार. आयकॅनचा नियम असा आहे की मेल असा परत आला तर कंपनीनं मालकाचा ईमेल खरा आहे का ते पुन्हा तपासून घ्यायचं, आणि १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव थांबवून ठेवता येतं. ते तपासणीचं मेल जातं कुठं? त्याच बंद पडलेल्या ईमेलवर. तुम्ही त्यातली लिंक दाबू शकत नाही कारण ते मेल तुम्हाला येऊच शकत नाही, आणि लिंक दाबली नाही म्हणून डोमेन सुरू होत नाही. या गोल फेऱ्यात चांगली चांगली माणसं आठवडाभर अडकून बसतेत आणि कस्टमर केअरवाले बिचारे ४८ तास, ४८ तास करत राहतेत.

तर यातून सुटायचं असं. डोमेनच्या खात्यात जा, संपर्काची माहिती जिथं आहे तिथं मालकाच्या ईमेलच्या जागी तुमचा रोजचा जीमेल टाका, जो फोनवर वाजतो तो. सेव्ह केलं की त्यावर तपासणीचं मेल येईल, आलं नाही तर स्पॅममध्ये बघा, तिथंही नसलं तर खात्यातच पुन्हा पाठवा असं बटण असतं ते दाबा. मेल आलं की पाठवणारा कोण आहे ते नीट बघा, कारण मुदत संपलेल्या नावांच्या मालकांना नकली मेल पाठवणारे पण टपून बसलेले असतेत, "शेवटची संधी, इथं पैसे भरा" असली. तपासणीच्या खऱ्या मेलात पैसे मागितलेले नसतेत. काही कंपन्या मालकाचा ईमेल बदलायला जुन्या ईमेलवरून पण होकार मागतेत. तसं झालं तर लिंक दाबत बसू नका, सरळ सपोर्टला सांगा की जुना ईमेल याच डोमेनवर आहे म्हणून बंद आहे, ओळखपत्र आणि पावती घेऊन हातानं बदलून द्या.

सपोर्टशी फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा चॅटवर नाहीतर तिकिटावर लिहा, पुरावा राहतो. आणि "साइट चालू करून द्या" असं मोघम लिहू नका, त्याला उत्तर मोघमच मिळतं. असं लिहा : "या नावाचे पैसे अमुक तारखेला भरले, ऑर्डर नंबर हा. आज आयकॅन लुकअपमध्ये अजून क्लायंट होल्ड दिसतोय, स्क्रीनशॉट जोडलाय. होल्ड कशामुळं आहे ते सांगा आणि काढा. मुदत संपायच्या आधीचे नेमसर्व्हर हे दोन होते, तेच परत लावा." एवढं नेमकं लिहिलं की पहिल्या माणसाला ४८ तास म्हणता येत नाही, त्याला तिकीट पुढं ढकलावंच लागतं.

आता समजा होल्ड नाहीच, स्टेटस स्वच्छ आहे. मग त्याच पानावर खाली नेमसर्व्हर बघा. दोन-चार नावं असतील. ती तुमच्या होस्टिंगवाल्यानं दिलेलीच आहेत का? होस्टिंग घेतलं तेव्हाच्या पहिल्या मेलमध्ये ती लिहिलेली असतेत, नाहीतर होस्टिंगच्या पॅनलमध्ये असतेत, नाहीतर त्यांनाच विचारा, "माझ्या साइटचे नेमसर्व्हर कोणते" एवढाच प्रश्न. लुकअपमध्ये जर पार्किंग, एक्स्पायर्ड असले शब्द असलेली नावं दिसली तर जाहिरातीचं पान तिथूनच येतंय. डोमेनच्या खात्यात जाऊन ती काढा, होस्टिंगवाल्याची टाका, अक्षर अन् अक्षर तपासून. सेव्ह केल्यानंतर मात्र खरंच दोन दिवसांपर्यंत थांबावं लागेल, आणि त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा बदलू नका. लोक दर तासाला काहीतरी बदलतेत आणि मग कुठल्या बदलानं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

नेमसर्व्हर डोमेन कंपनीचेच होते, पहिल्यापासून, असं निघालं तर गोष्ट थोडी वेगळी. तेव्हा साइटचा पत्ता त्या कंपनीच्याच खात्यात डीएनएस नावाच्या पानावर लिहिलेला असतो, आणि मुदत संपल्यावर तो पुसला गेलेला किंवा जाहिरातीच्या सर्व्हरचा केलेला असू शकतो. तिथं ए रेकॉर्ड असतो, त्यात होस्टिंगवाल्याचा आयपी आकडा पाहिजे. एमएक्स रेकॉर्ड ईमेलचे. आणि टीएक्सटी रेकॉर्ड, जे नसले तर ईमेल सुरू होऊन सुद्धा तुमची मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडतेत. हे तिन्ही होस्टिंगवाल्याकडून लिहून मागून घ्या आणि तसेच्या तसे भरा. डीएनएससेक, म्हणजे पत्ता खरा आहे का ते तपासणारी जादा सुरक्षा, कुणी कधी चालू केलेलं असेल तर आणि नेमसर्व्हर बदलले तर ते पण जुळवावं लागतं, नाहीतर सगळं बरोबर असून साइट उघडत नाही, पण तीन वर्षांपूर्वीच्या साध्या साइटला ते बहुतेक नसणार.

होस्टिंगवाले आमच्याकडून चालू आहे म्हणतेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा पण दाखवायला लावा. "डोमेनशिवाय साइट बघता येईल अशी तात्पुरती लिंक द्या" म्हणायचं. ती उघडली आणि हळदीचे फोटो दिसले तर तुमचं घर शाबूत आहे, भांडण फक्त डोमेनवाल्याशी. नाही उघडली तर भांडण दोन्हीकडं.

दुरुस्ती झाल्यावर तपासायचं कसं, तर स्वतःच्या फोनवर नेहमीसारखं उघडून बघू नका, तो जुनंच दाखवत बसेल. इनकॉग्निटो टॅब उघडा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, मग उलटं करून बघा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली प्रायव्हेट डीएनएस म्हणून असतं, तिथं डीएनएस डॉट गूगल असं इंग्रजीत टाकलं की फोन तुमच्या सिमवाल्या कंपनीला न विचारता गूगलला पत्ता विचारतो. तिथून साइट उघडली आणि साध्या नेटवर उघडली नाही, तर तुमचं काम झालेलं आहे, आता खरोखर नुसती वाट बघायची आहे.

साइट उघडायला लागली की लगेच दुसरी अडचण समोर येईल असं धरून चाला : "तुमचे कनेक्शन खाजगी नाही." घाबरू नका. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, ज्याला एसएसएल म्हणतेत, ते संपलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट असतं ना, त्याची मुदत आतापर्यंत ९० दिवसांचीच असायची, होस्टिंगवाला ते गुपचूप आपोआप नवं करत असतो, पण नवं करायला डोमेन चालू लागतं, आणि तुमचं बंद होतं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये एसएसएल म्हणून जागा असते तिथून पुन्हा चालवा नाहीतर त्यांना सांगा, थोड्या वेळात होतं. तोपर्यंत गिऱ्हाईकाला "ॲडव्हान्स्ड दाबून पुढं जा" असं चुकूनही सांगू नका. तिथं लोक पैसे भरतेत, ती सवय लावायची नाही.

ईमेलचं वाईट वाटेल पण खरं सांगतो. बंद काळात ज्यांनी तुम्हाला मेल पाठवली त्यातली बरीचशी पाठवणाऱ्याला परत गेली असतील, ती आता कुठून आणता येणार नाहीत. जुनी मेल होस्टिंगवर असतील तर ती जागेवर आहेत. म्हणून आजच तुमच्या जुन्या ऑर्डरींमधले नंबर काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ मराठीत दोन ओळी टाका : धंदा चालू आहे, वेबसाइटचं काम चालू आहे, ऑर्डर इथं द्या, गेल्या महिन्यात मेल टाकली असेल तर पुन्हा सांगा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग करता येतो, अर्धा किलो, एक किलो, सगळे भाव त्यात टाका, चार-आठ दिवस निभावून जातंय. पाकिटांवर दुसरा स्टिकर लावायच्या भानगडीत पडू नका, नवं नाव तर अजिबात घेऊ नका. दुकानादुकानात आणि लोकांच्या स्वयंपाकघरात जी पाकिटं गेलेली आहेत त्यांच्यावरचा क्यूआर याच नावाकडं जातो, ते नाव तुमच्याकडं सुखरूप आहे, त्याचीच किंमत आहे. आत्ता रागाच्या भरात कंपनी पण बदलू नका. साइट नीट सुरू होऊ द्या, मग बघू.

वीसाव्या दिवशी कळलं हे नशीबच म्हणायचं. डॉट कॉमचं कसं असतं, मुदत संपल्यावर फार तर ४५ दिवसांपर्यंत कंपनी नेहमीच्या भावात परत देऊ शकते, पण सगळ्या कंपन्या एवढं थांबत नाहीत, काही जण त्याआधीच नाव लिलावाला लावतेत. कंपनीनं नाव सोडलं की पुढं ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात नाव मिळतं पण दंडाची रक्कम मूळ फीच्या कितीतरी पट असते. त्यानंतर पाच दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कुणाचंच काही चालत नाही, आणि मग ते नाव जो आधी घेईल त्याचं. हळदीच्या नावांवर डोळा ठेवणारे आहेत, वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून तर जास्तच.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हे डोमेन कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड त्या मुलाकडून घेतला म्हणताय म्हणजे खातं त्याचं आहे. आपल्याकडं परभणी घ्या, नांदेड घ्या, लातूर घ्या, निम्म्या धंद्यांच्या वेबसाइटी अशाच आहेत, पोरगा कॉलेजात असताना करून देतो, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर, मग तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो. त्यात त्याची नियत वाईट असते असं नाही, त्यानं मदतच केलेली असते. पण कागदावर मालक तो. उद्या त्याचं आणि तुमचं बिनसलं, नाहीतर त्याला काही झालं, तर तीन वर्षांचं नाव तुम्ही कुणाला मागणार? तो चांगला आहे तोवरच, साइट सुरू झाली की, त्याच कंपनीत तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नवं खातं उघडा आणि त्याला डोमेन तुमच्या खात्यात हलवायला सांगा, एकाच कंपनीतल्या एका खात्यातून दुसऱ्यात हलवणं सोपं असतं. मालकाच्या जागी तुमचं किंवा वडिलांचं नाव, तुमचा मोबाइल. ईमेल बाहेरचा, याच डोमेनचा कधीच नाही. मालकाचं नाव बदललं की दुसऱ्या कंपनीत न्यायला ६० दिवसांची बंदी लागू शकते, त्यानं साइटला काही होत नाही.

ऑटो रिन्यू चालू केलं म्हणून निवांत बसू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप पैसे कापायला ई-मॅन्डेट, म्हणजे तुम्ही आधी नोंदवून दिलेली परवानगी, लागतो, तो नसला की बँक पैसे नाकारते, आणि बाहेरदेशातल्या कंपन्यांच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. त्यापेक्षा एकदम जास्त वर्षांचे पैसे भरा, डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. हळद विकल्यावर हातात पैसा असतो तेव्हा भरून टाका, आणि मुदतीची तारीख घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये महिनाभर आधीच्या अलार्मसकट टाका.

हे वाचणाऱ्या ज्यांचं डॉट इन नाव आहे त्यांच्यासाठी, ते निक्सी या भारतातल्या संस्थेकडं येतं, मुदतीनंतरचे दिवस कंपनीनुसार बदलतेत, ते आपल्या कंपनीला विचारून घ्या, बाकी होल्ड आणि नेमसर्व्हरची तपासणी हीच.

ताई, लुकअपचं पान, पावती आणि तुमचं लिहिलेलं तिकीट या तिघांनंतर सुद्धा तीन-चार कामाच्या दिवसांत कंपनी हलली नाही तर आयकॅनच्या साइटवर डोमेन रिन्यूअलच्या तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरा, फुकट आहे, कंपनीला त्यावर उत्तर द्यावं लागतं. मला पुन्हा लिहिताना स्टेटसच्या ओळी आणि नेमसर्व्हरची नावं तेवढी पाठवा, पासवर्ड मला पण पाठवू नका.